साडेतीन टनांत हिंगोली

हिंगोलीच्या माणसाला लांबच्या प्रवासाचं भय नाही. आमच्या नरसीचे संत नामदेव सातशे वर्षांपूर्वी पंजाबात गेले, घुमानला राहिले आणि तिथे असे रुजले की त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात जाऊन बसली. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, तेव्हा पुण्या-मुंबईचे लोक नकाशे उघडून बसले होते. आम्हाला नकाशा लागला नाही. ते नाव आमच्या कीर्तनांतून लहानपणापासून कानावर असतं. त्यामुळे आमच्या गुरुजींनी मोटरहोम भाड्याने घेऊन नॉर्वेच्या उत्तर टोकापर्यंत जायचं सुचवलं, तेव्हा एवढ्या लांब कशाला, असं कोणीच म्हटलं नाही. शेठजींनी फक्त "चालवणार कोण?" एवढं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःचाच हात वर केला. पाठोपाठ गुरुजींचा गेला. मग माझाही गेला. स्टेअरिंग म्हटलं की पुरुषाचा हात आपोआप वर जातो. वय, चष्म्याचा नंबर आणि मणक्याचा एक्स-रे यांची त्याला आडकाठी होत नाही.

गुरुजी म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. पोरांनी भलत्याच जागी भरलेला नॉर्वे लाल शाईने जागेवर आणण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे त्या देशावर त्यांचा थोडा हक्क आहे. शेठजी हळदीचे अडते. मार्केट यार्डात ढिगात हात घातला की ओल किती ते बोटांनी सांगतात. मी लेख लिहितो, म्हणजे दोघांच्याही मते रिकामा असतो. तिघांच्या तीन बायका. गुरुजींच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. बाकीच्या दोघींनाही मतं आहेत, पण त्या ती वहिनींमार्फत मांडतात.

गुरुजींचा युक्तिवाद बिनतोड होता. आमच्या औंढ्याजवळ लायगोची प्रयोगशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि दूर कुठे अंतराळात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तरी त्याचा हादरा इथे मोजणार. "विश्वाच्या टोकाची खबर औंढ्याला यायची आणि आपण युरोपच्या टोकाला जायचं नाही?" गुरुजी म्हणाले. ते टोक म्हणजे नॉर्डकॅप. अक्षांश ७१ अंश १० मिनिटं. समुद्रातून सरळ उभा ३०७ मीटरचा कडा, वर लोखंडी पृथ्वीगोल, आणि त्या गोलाखाली उभं राहून काढलेले जगभरच्या लोकांचे फोटो. गंमत अशी की खरं उत्तर टोक ते नाहीच. शेजारची जमिनीची एक जीभ समुद्रात आणखी थोडी पुढे गेलेली आहे. पण तिथे चालत जावं लागतं, गाडी पोचत नाही. पार्किंग नाही म्हणून जगाने अलीकडचंच टोक मान्य करून टाकलं. हे ऐकून शेठजींना नॉर्वेबद्दल पहिल्यांदा आपलेपणा वाटला.

मोटरहोम म्हणजे काय हे बाकीच्यांना समजावणं मात्र सोपं गेलं. "म्हंजे दिंडीचा ट्रक," शेठजी म्हणाले. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी दर आषाढीला आमच्या जिल्ह्यातून जाते. पालख्यांच्या, दिंड्यांच्या मागे जे ट्रक चालतात त्यांत काय नसतं? तंबू, सतरंज्या, चुली, कढया, पिठाची पोती, आजारी म्हातारी, तिच्या उशाशी औषधाची पिशवी आणि या सगळ्यावर आडवा झोपलेला कोणीतरी भाचा. तरी फरक आहे. दिंडीत सामान गाडीत असतं आणि माणसं पायी. मोटरहोममध्ये माणसंही सामानातच. शिवाय दिंडीत भिशी भरली की जेवण आयतं. स्वयंपाकाला आचारी, पाण्याला टँकर, शिस्तीला चोपदार. मोटरहोममध्ये भिशीच्या कितीतरी पट पैसे मोजून यांतलं एकही मिळत नाही. गाडीचं भाडंच दिवसाला पंधरा-वीस हजार रुपयांच्या पुढे, आणि वर ती गाडी घासूनपुसून परत द्यायची.

चाकांवरच्या घराचं महाराष्ट्र सरकारलाही अलीकडे कौतुक वाटायला लागलं आहे. २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण निघालं. आमच्या भागातून जाणारं चाकांवरचं घर मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून उसतोडीला निघालेली कुटुंबं बघा. पाचटाचं छप्पर, पत्र्याची पेटी, शेळी, कोंबड्यांची डालगी, तान्हं पोर. त्यांच्या चूल-भांड्यांची मांडणी कोणत्याही जर्मन कारखान्याने येऊन शिकावी अशी असते. पण ते हौसेने जात नाहीत, म्हणून त्याला कोणी पर्यटन म्हणत नाही आणि त्याचं धोरणही निघत नाही.

असो. बेत कळल्यावर सोबत यायला निम्मी गल्ली तयार झाली. झोपायच्या जागा सहा, हे सांगूनही उपयोग नव्हता. एसटीत बावन्न सिटांवर नव्वद माणसं बसलेली पाहिलेल्या समाजाला सहा हा आकडा सुरुवातीची बोली वाटतो. शेवटी मला इतिहास काढावा लागला. प्रवासात सोबत कोण आहे याची काळजी हिंगोलीकराने सगळ्यांत जास्त घ्यावी. मेडोज टेलर नावाचा निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी काही काळ आमच्या हिंगोलीच्या छावणीत होता. १८३९ साली त्याने 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी छापली. तिच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की हिंगोलीच्या बाजारातला हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी, ज्याच्याशी खुद्द टेलरचाही व्यवहार होता, तो ठगांचा म्होरक्या निघाला. हे ऐकल्यावर गल्लीतल्या इच्छुकांची संख्या कमी झाली. शेठजी मात्र दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, कारण प्रतिष्ठित व्यापारी म्हटल्यावर सगळ्यांनी त्यांच्याकडेच पाहिलं होतं.

मग तारखा. नॉर्डकॅपला मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळत नाही. जायचं तर याच दिवसांत. नाहीतर ढगाखालचा कडा बघायला पाच हजार किलोमीटर कोण चालवणार? आता हे दिवस हिंगोलीच्या पंचांगात लावून बघा. मे महिन्यात यार्डात हळदीची आवक, तेव्हा शेठजी जाग्यावरून उठत नाहीत. सात जूनला मिरग निघतो. मग पेरणी. गुरुजींची सेनगावाकडे थोडी जमीन आहे आणि सोयाबीनची पेरणी बटाईदाराच्या भरवशावर टाकून नॉर्वेला गेलेला माणूस परत आल्यावर कोणत्या तोंडाने शेतात जाणार? त्यानंतर दुबार पेरणी, जी होऊ नये असं सगळ्यांना वाटतं आणि होईल असं सगळ्यांनी धरलेलं असतं. तोवर आषाढी. सगळ्यांना मोकळीक मिळते ती थेट हिंगोलीचा दसरा उरकल्यावर, आणि तेव्हा तिकडे कॅम्पिंगची फाटकं बंद होऊन अंधार पडायला लागलेला असतो. देवाने मध्यरात्रीचा सूर्य करताना मराठवाड्याचा खरीप हंगाम विचारात घेतलेला दिसत नाही.

तरी बैठका चालू राहिल्या. गुरुजींचा पुतण्या स्वीडनमध्ये गोथेनबर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. दर रविवारी तो मोबाइलच्या पडद्यावर यायचा आणि आम्हाला नवनवीन अडचणी पुरवायचा. व्हिसाचा अर्ज त्या देशाकडे करायचा, जिथे मुक्काम जास्त. विमा किमान ३० हजार युरोंचा. प्रत्येक रात्री राहणार कुठे, हे दाखवायचं. इथे शेठजी अडले. "घरच संगं नेयलोत तर राहण्याचा पत्ता कामून मागायलेत? गाडीचा नंबर लिवा म्हणावं." मला अजूनही वाटतं की यात शेठजींची बाजू बरोबर आहे.

पुढची अडचण वजनाची. साध्या मोटारीच्या लायसन्सवर जी मोटरहोम चालवता येते तिचं भरलेलं वजन ३५०० किलोच्या वर जाता कामा नये. त्यात गाडी, पलंग, फ्रिज, शेगडी, पाणी, गॅस हे सगळं आलं. सहा जणांच्या गाडीत माणसं बसली की उरतात ते थोडेसे किलो. तिकडे रस्त्यात थांबवून काट्यावर घेतात, आणि जादा निघालं तर दंड भरून सामान तिथेच उतरवायला लावतात. शेठजींचा जन्म वजनकाट्यापाशी गेलेला. त्यांनी यार्डातल्या काट्यावर आम्हा सहा जणांना बारदान्यासकट उभं केलं, वहीत पट्टी मांडली आणि जाहीर केलं की भरती जास्त होतेय, कोणाला तरी कमी करावं लागेल. स्वतः शेठजी क्विंटलला थोडेच कमी भरले. ते आकडा न वाचताच पुढे गेले.

आणि हे सामान धरायच्या आधी. बायकांची यादी वेगळी होती. ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी, कारळाची चटणी, वाळलेल्या मिरच्या, कुरडया, खारोड्या, दोन प्रकारचे पापड, मेतकूट, पोळपाट-लाटणं, तवा. लाकडी पोळपाट न्यायचा की तिकडे मिळेल, यावर एक अख्खा रविवार गेला. शेठजींना दहा किलो हळद न्यायची होती. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि गोरे लोक हल्ली दुधात हळद घालून पितात, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं. "नमुना म्हणून नेयलो. भाव काय निघतो बघू." पर्यटन व्हिसावर सौदा करायचा नसतो, हे गुरुजींनी सांगितल्यावर ते म्हणाले, "सौदा करायलोच नाही. भाव विचारायलो."

पुतण्याने पुढच्या रविवारी तुपाची बातमी दिली. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे घरचं साजूक तूप बंद, पेढे बंद, खव्याची पोळी बंद. तिघी बायका गप्प झाल्या. ही शांतता मला ओळखीची आहे. ती घरात लग्न मोडल्यावर असते. फळं-भाज्या न्यायच्या तर रोग नसल्याचा दाखला लागतो. दाखल्याशिवाय पाचच फळं चालतात: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. नारळ या यादीत आहे! म्हणजे गाडी ताब्यात घेतल्यावर चाकासमोर नारळ फोडायला युरोपीय संघाची काही हरकत नाही. हरकत आहे ती लिंबू-मिरचीला. नजर लागू नये म्हणून बंपरला जे टांगायचं त्यालाच कीड नसल्याचं प्रमाणपत्र पाहिजे. गुरुजी म्हणाले, यावरून त्यांचा शुभावर विश्वास आहे, अशुभावर नाही.

चालवण्याबद्दल तिघांनाही आत्मविश्वास होता, तो पुतण्याच्या माहितीने वाढतच गेला. तिकडे उजवीकडून चालवतात. शेठजी म्हणाले, सवय आहे. स्वीडनमध्ये पूर्वी डावीकडूनच चालवत. १९५५ साली सरकारने लोकांना विचारलं, तेव्हा ८३ टक्के लोकांनी बदल नको म्हणून सांगितलं. सरकारने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे ५ वाजता सगळा देश उजवीकडे नेला. एवढा मोठा बदल, आणि चौकात कोणी कोणाची गचांडी धरली नाही. दिवसाढवळ्या दिवे लावून चालवायचं. हॉर्न वाजवायचा नाही. इथे शेठजींचा चेहरा पहिल्यांदा पडला. "मग समोरच्याला कळणार कसं, की आपण आलोत?" रेनडियर रस्त्यात उभे असतात आणि हॉर्नला दाद देत नाहीत, असं पुतण्या म्हणाला. अकोला-नांदेड रस्त्यावर बसलेल्या गाई चुकवून आमचं आयुष्य गेलं, त्यामुळे रेनडियरची भीती नव्हती. स्वीडनचा एल्क मात्र निराळा. तो आमच्या सोयाबीनात घुसणाऱ्या रोह्याचा थोरला भाऊ समजा. गाडीने उडवला तर पाय खाली राहतात आणि धड काचेतून मांडीवर येतं.

बोगद्यांचं सगळ्यांना अप्रूप वाटलं. लार्डालचा बोगदा साडेचोवीस किलोमीटरचा. म्हणजे हिंगोलीत डोंगरात शिरायचं आणि औंढ्याला बाहेर पडायचं. चालकाला डुलकी लागू नये म्हणून मध्ये तीन ठिकाणी गुहा रुंद करून निळे दिवे लावले आहेत. आमच्याकडे ते काम खड्डे करतात. नॉर्डकॅपला जाताना तर समुद्राच्या तळाखालून जायचं, पृष्ठभागाच्या २१२ मीटर खाली. शेठजींच्या पत्नींनी तिथे उतरून चालत येण्याची तयारी दाखवली.

खरी कसोटी रिव्हर्सची. साडेसात मीटरची गाडी, मागचं काही दिसत नाही, आणि घाटातला रस्ता एवढा की समोरून तसलीच दुसरी आली तर एकाने मागे जायचं. औंढ्याला नामदेवांना देवळामागे जाऊन कीर्तन करायला सांगितलं, तेव्हा अख्खं देऊळ त्यांच्याकडे फिरलं, नंदी तेवढा मागे राहिला, अशी कथा आहे. नॉर्वेतला डोंगर आपल्यासाठी फिरेल अशी पुण्याई तिघांपैकी कोणाचीच नाही, हे गुरुजींनी मान्य केलं.

मुक्कामाचा कायदा ऐकून मात्र मी चाट पडलो. नॉर्वे-स्वीडनमध्ये कोणीही कोणाच्याही माळरानातून, जंगलातून चालत जावं, रानातली बोरं-बेऱ्या खाव्यात, तंबू टाकून झोपावं. अट एवढीच की माणसाच्या घरापासून अंतर ठेवायचं, नॉर्वेत १५० मीटर, आणि उभ्या पिकात शिरायचं नाही. गाडी अर्थात रस्त्याच्या कडेलाच, नेमलेल्या जागी. पण दुसऱ्याच्या जमिनीतून चालण्याचा हक्क! आमच्या तालुक्यात एका धुऱ्यावरून आजोबांनी लावलेली फिर्याद नातू चालवतो. वीतभर धुरा कोरला म्हणून सख्ख्या भावांचं बोलणं बंद असतं. हा नॉर्वेचा कायदा तहसील कचेरीच्या भिंतीवर लावला तर अर्ध्या जिल्ह्याच्या वकिलांवर उपासमार येईल.

उपासाचा विषयही त्याच रविवारी निघाला. सूर्य मावळणारच नसेल तर दिवेलागण कधी करायची? एकभुक्त असणाऱ्याने दुसरं जेवण कधी टाळायचं? आणि जूनमधली वटपौर्णिमा? गुरुजींनी हिशोब करून सांगितलं की त्या दिवसांतला पौर्णिमेचा चंद्र नॉर्डकॅपला क्षितिजावर येतच नाही. तिकडे वडही नाही. वड नाही, चंद्र नाही आणि नवरा चोवीस तास त्याच बारा हात जागेत समोर. तिघींनी त्या वर्षापुरती पूजा नाही केली तरी चालेल असं आपसात ठरवलेलं दिसलं. यावर तोडगा काढला तो आमच्या शेजारच्या गॅरेजवाल्या चाचांनी. उत्तर नॉर्वेतले त्यांचे लोक रोजे मक्केच्या वेळेवर सोडतात. "तुमी हिंगोलीच्या टाइमवर चला," ते म्हणाले. "घड्याळ साडेतीन घंटे पुढं ठेवा, बस." इतका सुटसुटीत धर्मनिर्णय मी पूर्वी ऐकला नव्हता.

इथवर सगळं हसत-खेळत चाललं होतं. मग पुतण्याने गाडीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला.

मोटरहोमच्या बाहेरच्या अंगाला एक छोटं दार असतं. ते उघडलं की आतून एक चपटी पेटी ओढून काढायची. तिला ट्रॉली बॅगेसारखी चाकं आणि लांब होणारा दांडा असतो. शेठजींना वाटलं, विमानात न्यायची बॅग. ती संडासाची टाकी होती. तिला कॅसेट म्हणतात. अठरा-वीस लिटर मावतं. भरल्याचा लाल दिवा लागला की कोणीतरी उतरायचं, ती पेटी ओढत नेमलेल्या जागेपर्यंत न्यायची, झाकण उघडून ओतायची, विसळायची, निळं औषध घालून परत सरकवायची. हे सगळं चारचौघांत, समोरून तसलीच पेटी घेऊन येणाऱ्या जर्मन गृहस्थाला सुप्रभात म्हणत. पुतण्या म्हणाला, सहसा दोन-तीन दिवसांनी करावं लागतं. त्यावर वहिनींनी विचारलं, "कागद वापरणाऱ्यांचं सांगतोस का तांब्या वापरणाऱ्यांचं?" पडद्यावर थोडा वेळ सन्नाटा. गुरुजींनी वहीत गुणाकार केला. माणसं सहा, तांब्या दीड लिटरचा. टाकी दिवस मावळायच्या आत भरते. आणि तिकडे तर दिवस मावळतच नाही.

पाण्याची आम्हाला फिकीर नव्हती. शंभर-सव्वाशे लिटरच्या टाकीत सहा जणांचं दोन दिवस भागवायचं म्हटल्यावर युरोपातला माणूस घाबरतो. मराठवाड्यातल्या बाईला विचारा, ती त्यात पाहुणेही सांभाळते. प्रश्न पाणी आणण्याचा नव्हताच, ते बाहेर नेऊन ओतण्याचा होता. मोटरहोमच्या जाहिरातीत एक बाई खिडकीशी बसून कप हातात धरून फ्योर्ड बघत असते. त्याच वेळी गाडीच्या मागे कोण वाकलंय, हे त्या फोटोत येत नाही. आपल्या साध्या सहलीलासुद्धा ड्रायव्हर असतो, क्लीनर असतो, सोबत नेलेला आचारी असतो आणि यांतलं काहीच नसेल तर बायको असते. आपण ज्याला फिरणं म्हणतो ते या माणसांच्या खांद्यावर बसून फिरणं. नॉर्वेत मजुरी इतकी महाग की कोणाच्याच खांद्यावर बसता येत नाही.

गुरुजींनी नामदेवांच्या घरचं उदाहरण काढलं. एवढं मोठं कुटुंब गुण्यागोविंदाने नांदत होतं. वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या घरी जनाबाई होती. झाडणं, दळणं, पाणी, सगळं ती करायची, आणि तिचा भार झाला तर विठ्ठल स्वतः जात्यावर बसायचा. तुमच्यातला कोण बसलाय आजवर?" जनाबाई आमच्या शेजारच्या गंगाखेडची, त्या मुलखातल्या बायकांशी या विषयावर वाद घालू नये. आम्ही घातला नाही.

वहिनींनी मग पाटीवर रकाने आखले. चालवणे, स्वयंपाक, भांडी, पाणी भरणे, झाडणे, कॅसेट. चालवण्याच्या रकान्यात तीन नावं आधीच होती. कॅसेटच्या रकान्यात काहीच नव्हतं. गुरुजींनी सुचवलं की गावोगावी सार्वजनिक सोय बघून थांबत जाऊ. शेठजींनी रानाचा पर्याय हळूच मांडला. निसर्गात वावरायचा हक्क आहेच म्हणे. मी त्यांना आपल्याकडच्या गुड मॉर्निंग पथकांची आठवण करून दिली. पहाटे शिट्ट्या मारत, टमरेल घेऊन निघालेल्यांना गुलाबाचं फूल देणारी. हिंगोलीत जे टळलं ते आर्क्टिक वर्तुळात ओढवून घेऊ नये. शिवाय चोवीस तास उजेड. आडोसा करणार कशाचा?

वहिनींनी खडू उचलला आणि पाटीवर एकच ओळ लिहिली: ज्या दिवशी जो चालवील, त्या दिवशी कॅसेट त्याची.

पुढच्या रविवारपर्यंत बरंच काही घडलं. शेठजींच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकल्याचं निष्पन्न झालं. ते आता खिडकीशी बसून भाव विचारतील. गुरुजींचा गुडघा क्लच दाबताना कळ मारायला लागला; तिकडच्या गाड्या ऑटोमॅटिक मिळतात असं पुतण्याने सांगितल्यावर ती कळ दुसऱ्या गुडघ्यात गेली. मला तर प्रवासवर्णन लिहायचं आहे, त्यासाठी दोन्ही हात मोकळे लागतात. चालवण्याच्या रकान्यातली तिन्ही नावं त्या एका आठवड्यात ओल्या फडक्याने पुसल्यासारखी गेली.

मग तिघी बायकांनी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. "कॅसेटचं काय घेऊन बसलात?" वहिनी म्हणाल्या. "दोन पोरं आणि सासऱ्यांचं अंथरूण काढलंय मी. वीस लिटरनं माझं काय बिघडतं? पण मग रस्ता मी बघणार, गाडी मी थांबवणार आणि फोटो काढायला उतरू द्यायचं का नाही ते मी ठरवणार." परिवहन कार्यालयात शिकाऊ लायसन्स झालं, मग पक्कं झालं. मोटरहोम भाड्याने देणारे बहुतेक जण लायसन्स किमान वर्षभर जुनं मागतात, त्यामुळे बेत आपोआप पुढच्या हंगामावर गेला. तेवढ्यात एक पेरणी आणि हळदीचा एक सीझनही निघून जाईल, म्हणून कोणी फारसं वाईट वाटून घेतलं नाही. आंतरराष्ट्रीय परवाना तर हजार रुपयांत मिळतो आणि वर्षभर चालतो.

सध्या सराव चालू आहे. शेठजींनी यार्डातून हळद वाहणारा एक जुना टेम्पो दिला आहे. मागचं दिसत नाही या बाबतीत तो मोटरहोमच्या तोडीचा आहे. वहिनी स्टेअरिंगवर, शेजारी शेठजींची बायको हातात वही घेऊन, आणि माझी बायको समोरच्या काचेवर चिकटवायच्या गणपतीची जागा ठरवत. बाजारातल्या अरुंद गल्लीत वहिनी रिव्हर्स टाकतात. मागे आमचे निवृत्त मुख्याध्यापक चड्डीवाल्या क्लीनरसारखे उभे असतात आणि टेम्पोच्या फाळक्यावर तळहात मारत ओरडतात, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... अहो, बास म्हणलो ना!"